तिकिटावर नुसतं ‘लंडन’ वाचू नका

पत्र :

ताई, आमची मुलगी लंडनला ईलिंग भागात राहते. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिचं बाळंतपण आहे. मी 63 वर्षांची, यजमान 68 चे. त्यांचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. आम्ही पहिल्यांदाच परदेशी निघालोय, मेच्या मध्याला. दोघांचाही सहा महिन्यांचा व्हिसा आलाय. पुतण्याने ऑनलाइन तिकीट शोधलंय : मुंबई ते पॅरिस, आणि तिथून दुसऱ्या कंपनीच्या विमानाने लंडन ल्युटन. थेट विमानापेक्षा दोघांचे मिळून 40 हजार वाचतात. शेजारचे म्हणतात, दोघांसाठीही व्हीलचेअर मागा, म्हणजे इंग्रजी बोलायचा प्रश्नच येत नाही. तिथला अधिकारी काय विचारेल याची मला धास्ती वाटते. आणि लेकीसाठी डिंकाचे लाडू, साजूक तूप, हापूसची पेटी नेता येईल का?
— एक वाचक, सातारा

सप्रेम नमस्कार ताई,

आधी पुतण्याला फोन करा आणि ते पॅरिसचं तिकीट काढू नकोस म्हणून सांगा. त्याने पैसे वाचवायचं बघितलं, हेतू चांगलाच होता. पण त्या तिकिटाने तुम्ही बहुधा मुंबईच्या पुढेच जाणार नाही.

कारण असं. ही दोन वेगवेगळी तिकिटं आहेत. पहिल्या विमानाची जबाबदारी पॅरिसला संपते. तुमच्या बॅगा पॅरिसला पट्ट्यावर येणार, त्या तुम्ही उचलायच्या, बाहेर यायचं आणि दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर जाऊन पुन्हा जमा करायच्या. बाहेर यायचं म्हणजे फ्रान्समध्ये प्रवेश करायचा, आणि त्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असतो तो. तुमच्याकडे आहे तो ब्रिटनचा व्हिसा. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे हा व्हिसा पॅरिसला कामाचा नाही. विमान कंपनी हे मुंबईच्या काउंटरवरच तपासते आणि कागद पुरे नसतील तर बोर्डिंग पास देत नाही. तिकिटाचे पैसे जातात आणि रात्री साताऱ्याला परत फिरावं लागतं ते वेगळंच.

समजा व्हिसाचा प्रश्न नसता, तरी मी नकोच म्हटलं असतं. वेगवेगळ्या तिकिटांत पहिलं विमान दोन तास उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही आणि पुढच्या विमानात फुकट बसवतही नाही. स्वस्त कंपन्या सामानाचे पैसे वेगळे घेतात. मुंबईहून नेलेल्या दोन-दोन मोठ्या बॅगांचा हिशेब केला की त्या 40 हजारांतले बरेचसे तिथेच जातात.

आता ल्युटनचं. लंडनच्या नावाने सहा विमानतळ ओळखले जातात : हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्युटन, लंडन सिटी आणि साउथएंड. तिकिटाच्या साइटवर ‘लंडन’ टाकलं की ही सगळी नावं एकाच यादीत येतात आणि आपल्याला वाटतं, कुठेही उतरलं तरी सारखंच. ल्युटन हे लंडनच्या उत्तरेला, बेडफर्डशायरमधलं स्वतंत्र गाव आहे. पनवेलला उतरवून ‘मुंबई आली’ म्हणावं तसा हा प्रकार. तिथून ईलिंगला यायचं तर टर्मिनलपासून स्टेशनपर्यंत छोटी शटल गाडी, मग मध्य लंडनमधल्या फॅरिंग्डन स्टेशनपर्यंत रेल्वे, मग तिथे बदलून एलिझाबेथ लाइन या शहर रेल्वेची गाडी. यजमानांचे गुडघे, चार बॅगा, परका देश आणि पहिली खेप. हे करू नका. टॅक्सी केली तर पुन्हा खर्च आलाच.

ईलिंग आहे पश्चिम लंडनमध्ये, आणि हीथ्रोही त्याच अंगाला. हीथ्रोच्या टर्मिनल 2 आणि 3 च्या स्टेशनवरून एलिझाबेथ लाइनची गाडी कुठेही न बदलता ईलिंग ब्रॉडवेला जाते. ही लाइन 2022 च्या मे महिन्यात सुरू झाली आणि पश्चिम लंडनमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांची मोठीच सोय झाली. म्हणून माझं ठाम मत : मुंबई ते हीथ्रो थेट विमान. आपल्या वयात तिकिटाची किंमत ठरवताना विमानातून उतरल्यापासून लेकीच्या दारापर्यंतची वाट आधी मोजावी, रुपये नंतर.

थेट तिकीट अगदीच परवडत नसेल तर दुबई, दोहा किंवा अबू धाबीवरून जाता येतं, पण एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर आणि हीथ्रोचंच. तसं असेल तर बॅगा मुंबईला दिल्या की थेट लंडनला मिळतात आणि मधे देशात प्रवेश करावा लागत नाही. हा दुसरा पर्याय, पहिला नव्हे. रात्री-अपरात्री अनोळखी विमानतळावर एका टोकाच्या गेटवरून दुसऱ्या टोकाच्या गेटवर जायचं असतं. आणि आखातावरून गेलात तर सामानात खसखस अजिबात ठेवू नका. अमिरातींमध्ये खसखस अमली पदार्थांत धरतात आणि ती जवळ सापडणं हा गुन्हा आहे. घरच्या गोड्या मसाल्यात बहुतेकींची खसखस असते, तेव्हा तो डबाही तपासा.

तिकीट हातात आलं की त्यावरची तीन अक्षरं वाचा. हीथ्रोचा कोड एलएचआर. एलटीएन म्हणजे ल्युटन, एसटीएन म्हणजे स्टॅनस्टेड, एलजीडब्ल्यू म्हणजे गॅटविक. आता आपल्याकडेही हे बघावं लागतं. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय आणि त्याचा कोड एनएमआय आहे. तुम्हाला हवं ते बीओएम, म्हणजे सहारचं टर्मिनल 2. एक्स्प्रेसवेवर गाडी कुठे वळवायची हे ड्रायव्हरला साताऱ्यातून निघतानाच सांगा.

हीथ्रोला टर्मिनल 2, 3, 4 आणि 5 अशी चार आहेत. 1 नंबरचं 2015 साली बंद झालं. एअर इंडिया टर्मिनल 2 ला उतरते, व्हर्जिन 3 ला, ब्रिटिश एअरवेजची मुंबईची विमानं साधारणपणे 5 ला. तुमच्या तिकिटावर नंबर छापलेला असेल, तो जावयांना कळवून ठेवा, कारण टर्मिनल 4 आणि 5 ही 2 आणि 3 पासून बरीच लांब आहेत आणि चुकीच्या ठिकाणी थांबलेला माणूस चालत येऊ शकत नाही.

व्हीलचेअरबद्दल शेजारी सांगतात ते मला पटत नाही. यजमानांसाठी मागा, नक्की मागा, त्यांना खरीच गरज आहे. टर्मिनल 2 ला विमान बी गेट्सना लागलं तर ती इमारत वेगळी आहे. तिथून मुख्य इमारतीत यायला जिन्याने-लिफ्टने खाली उतरून जमिनीखालच्या लांबलचक बोगद्यातून यावं लागतं. सरकते पट्टे आहेत, पण त्यांच्या मधे मधे चालावं लागतंच. दहा तास बसून आखडलेल्या गुडघ्यांना हे झेपणार नाही. पण तुम्ही स्वतः चालू शकता, तर तुमच्यासाठी मागू नका. सोबतचं माणूस व्हीलचेअरच्या बरोबरीनेच जातं. मदतनीस तुम्हा दोघांना मिळूनच इमिग्रेशन आणि बॅगांच्या पट्ट्यापर्यंत नेतो. म्हणजे वाट आणि भाषा, दोन्हींची सोय एका खुर्चीतच होते. भारतातून जाणाऱ्या विमानांत व्हीलचेअरची मागणी इतकी असते की ज्यांना पाऊल टाकवत नाही असे लोक खुर्चीची वाट बघत विमानात बसून राहतात. त्यांच्या रांगेत आपण विनाकारण उभं राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

ही सेवा मोफत असते. सुटण्याच्या निदान 48 तास आधी विमान कंपनीला कळवायचं असतं. तिकीट काढतानाच नोंदवा आणि दोन दिवस आधी फोन करून पक्कं करा. ‘सपाट चालू शकतात पण लांब चालवत नाही’ की ‘जिना चढवत नाही’, हे स्पष्ट सांगा, कारण त्याप्रमाणे नोंद वेगवेगळी होते. उतरताना सगळे प्रवासी बाहेर पडेपर्यंत बसून राहावं लागेल. घाबरू नका, विसरलेले नसतात.

आता तुमच्या धास्तीचं. ते टेबल कसं असतं ते सांगते, म्हणजे मनातलं भूत जाईल. हीथ्रोवर पिवळ्या पाट्यांवर काळी अक्षरं असतात. ‘अरायव्हल्स’ लिहिलेल्या पिवळ्या पाट्यांच्या मागे जायचं. जांभळ्या पाट्या पुढचं विमान पकडणाऱ्यांसाठी आहेत, तिकडे वळायचं नाही. पुढे ‘यूके बॉर्डर’ अशी मोठी पाटी येते. तिथे काही लोक यंत्राच्या गेटमधून झटपट निघून जाताना दिसतील. ती गेट्स ब्रिटन, युरोपीय संघ, अमेरिका, जपान अशा ठरावीक देशांच्या पासपोर्टसाठी आहेत. आपण अधिकाऱ्याच्या टेबलाकडे जायचं. पूर्वी विमानात एक कार्ड भरून घ्यायचे, ते 2019 पासून बंद झालंय, तेव्हा कुणी सांगितलं तरी ते शोधत बसू नका.

अधिकारी काचेमागे बसलेला असतो. पासपोर्ट घेतो, तुमच्याकडे बघतो, यंत्रावर बोटं ठेवायला सांगतो. आणि विचारतो : कशासाठी आलात, किती दिवस राहणार, कुठे राहणार, खर्च कोण करणार. एवढंच. त्याला जी उत्तरं हवीत ती लहान असतात. ‘व्हिजिटिंग अवर डॉटर. शी इज हॅविंग अ बेबी.’ मग किती महिने ते सांगायचं, आणि परतीचं तिकीट हातात असेल ते पुढे करायचं. इंग्रजी मोडकं असलं तरी काही बिघडत नाही. रोज जगभरचे आजी-आजोबा त्याच्यासमोरून जात असतात. अगदीच अडलं तर ‘मराठी इंटरप्रिटर प्लीज’ म्हणा, ते फोनवर दुभाषी जोडून घेऊ शकतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण आपल्या बायका प्रेमाने बोलून जातात आणि अडचण होते. व्हिजिटर व्हिसावर काम करता येत नाही. नातवंडाला थोडे दिवस जवळ घेणं, लेकीला मदत करणं याला तिथल्या नियमात मुभा आहे. पण पगारी दाई किंवा आया म्हणून आलात असं वाटता कामा नये, आणि मुक्कामही बेताचा असावा. तेव्हा ‘मुलगी कामावर जाणार, मी वर्षभर बाळ सांभाळणार’ अशा थाटाचं बोलू नका. खोटंही बोलू नका. तुम्ही लेकीला भेटायला, तिच्या बाळंतपणाला सोबत म्हणून आला आहात आणि अमुक तारखेला परत जाणार आहात. हेच खरं आहे आणि हेच पुरेसं आहे. दोघांची तारीख मात्र एकच निघाली पाहिजे. यजमान ‘दोन महिने’ म्हणाले आणि तुम्ही ‘सहा’, तर अधिकारी प्रश्न वाढवणारच.

कागदांची फाइल खांद्याच्या पिशवीत ठेवा, बॅगेत टाकू नका. त्यात व्हिसाचे कागद, परतीचं तिकीट, लेकीचं निमंत्रणपत्र, तिच्या घराचा पत्ता पोस्टकोडसकट, तिचा आणि जावयांचा फोन नंबर, प्रवासविम्याची पॉलिसी, आणि डॉक्टरांनी इंग्रजीत लिहून दिलेली औषधांची चिठ्ठी. औषधंही त्याच पिशवीत, मूळ पाकिटांतच. विम्यात कंजूषी करू नका. व्हिजिटर म्हणून गेलेल्या माणसाला तिथल्या सरकारी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर बिल येतं, आणि ते रुपयांत मोजवत नाही.

आता लाडू. मला माहीत आहे, तुमच्या पत्रातला सगळ्यांत जिव्हाळ्याचा प्रश्न हाच आहे. बाळंतिणीला डिंकाचे लाडू नकोत असं कोणती आई म्हणेल? पण युरोपाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला ब्रिटनमध्ये दूध-दुभत्याचे पदार्थ आणि मांस आणता येत नाही. जनावरांचे रोग पसरू नयेत म्हणून हा नियम आहे. साजूक तूप, पेढे, खवा, बर्फी, पनीर हे सगळं त्यात आलं. सापडलं तर काढून घेतात. तुपात वळलेले लाडू नेऊन जीव टांगणीला लावण्यापेक्षा मी सांगते तसं करा. डिंक, खारकेची पूड, सुंठ हा कोरडा माल इथून न्या, पाकीटबंद, वर नाव लिहिलेला. तूप तिथे घ्या आणि लाडू लेकीच्या स्वयंपाकघरात वळा. सुकं खोबरं मात्र नेऊ नका. खोबऱ्याच्या वाट्यांत तेल असतं, त्या पेट घेऊ शकतात म्हणून विमानाच्या सामानात चालत नाहीत. मुंबईच्या तपासणीत अनेकांच्या बॅगा याचसाठी उघडल्या जातात. कापूर आणि काडेपेटी यांचंही तेच. पाचवीच्या पूजेसाठी म्हणून टाकाल, तर आत्ताच बाजूला काढा.

तूप-खोबरं कुठे मिळेल ही चिंता नको. हीथ्रोहून ईलिंगला जाताना गाडी साउथॉल स्टेशनवरून जाते. तिथे फलाटावरच्या पाटीवर स्टेशनचं नाव पंजाबीतही लिहिलेलं आहे, यावरून काय ती वस्ती समजा. ईलिंगपासून ते मोजून तीन स्टेशनांवर. तूप, खोबरं, अळीव, मेथ्या, बाळंतशोपा, जे आठवेल ते तिथे मागा.

हापूसची पेटी सोडून द्या. बहुतेक ताजी फळं आणि भाज्या न्यायच्या तर रोपांच्या आरोग्याचा सरकारी दाखला लागतो, त्यात घरगुती पेटीची जोखीम कशाला घ्यायची? फळमाशीच्या कारणावरून 2014 साली युरोपीय संघाने (ब्रिटन तेव्हा त्यातच होतं) आपल्या आंब्यांवरच बंदी घातली होती. ती पुढच्या वर्षी उठली, पण या बाबतीत ते किती काटेकोर आहेत हे त्यावरून कळतं. रीतसर निर्यात झालेला हापूस मे महिन्यात लंडनच्या भारतीय दुकानांत मिळतो. महाग असतो, पण लेकीला डोहाळे लागलेत तर जावयांना आणू द्या. चकल्या, भाकरवडी, पोह्याचा चिवडा, पापड, कोरड्या चटण्या, मसाले खुशाल न्या. लोणचं न्यायचं तर मोठ्या बॅगेत, दोन-तीन पिशव्यांत घट्ट बांधून. केबिनच्या पिशवीत नको, मुंबईला 100 मिलिलिटरच्या वर पातळ पदार्थ सोडत नाहीत आणि लोणच्याच्या तेलावरून तिथे वाद घालण्यात अर्थ नसतो. पॉवर बँक याच्या उलट : ती केबिनमध्येच, मोठ्या बॅगेत चालत नाही.

बाळासाठी सोनं नेणार असाल, आणि न्यालच, तर भेटवस्तूंना 390 पौंडांची मर्यादा आहे हे लक्षात ठेवा. त्यावर किंमत गेली तर जाहीर करावी लागते. चांदीचे वाळे आणि मनगट्या यात आरामात बसतात. तुमच्या अंगावरचं मंगळसूत्र आणि बांगड्या तुमच्या स्वतःच्या आहेत, त्याची काळजी नको.

मे महिना म्हणजे आपल्याकडे काहिली, पण तिथे सकाळी अजून गारठा असतो. स्वेटर वर, हाताशी ठेवा. घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. यजमानांच्या गोळ्या कोणत्या घड्याळाप्रमाणे घ्यायच्या हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. त्यांना आतल्या वाटेकडेची सीट मागा, म्हणजे तासा-दोन तासाने उठून पाय मोकळे करता येतील.

पोचल्यावर जावई घ्यायला येणार असतील तर त्यांनी गाडी पार्किंगमध्ये लावून आत, अरायव्हल्सच्या कठड्यापाशी यावं. दारासमोर गाडी उभी करून माणसं उचलता येत नाहीत. पण जूनचं बाळंतपण मेच्या मध्याला यायचं ठरवू शकतं, आणि मग जावई तुमच्याकडे येतील की दवाखान्यात थांबतील? म्हणून दुसरी सोय आजच ठरवा. आधी ठरवलेली टॅक्सी, ज्याचा ड्रायव्हर तुमच्या नावाची पाटी घेऊन उभा राहील, ही माझी पहिली पसंती. एलिझाबेथ लाइन सोपी आहे, पण बॅगा आणि गुडघे दोन्ही सांभाळत पहिल्याच दिवशी ती नको. विमानतळावर वायफाय फुकट आहे. व्हॉट्सअ‍ॅप चालतं, तेव्हा पट्ट्यावर बॅगा यायची वाट बघता बघता लेकीला फोन लावा. मात्र वायफाय रुसलंच तर हाताशी असावं म्हणून रोमिंगचा लहानसा पॅक घेऊन ठेवा.

तर पुतण्याला आज सांगायचं ते एवढं : मुंबई बीओएम ते एलएचआर, थेट, जाण्या-येण्याचं एकत्र तिकीट, दोघांच्या सीटा शेजारी, एका माणसासाठी व्हीलचेअरची नोंद. तिकीट आलं की तारीख आणि टर्मिनलचा नंबर लेकीला कळवा, म्हणजे ती टॅक्सीचं बघेल.